शहाण्णव टक्के एकमत

तीर्थरूप मामांना, त्यांच्याच खुर्चीवर गेली अकरा वर्षं बसलेल्या भाच्याचा वाकून नमस्कार.

पत्रास कारण काही नाही. सहजच लिहितो आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईकडून कळलं, बरं वाटलं. नवा चष्मा हातात येईपर्यंत वाचायला बंदी आहे असंही कळलं, म्हणजे हे पत्र मामी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत असणार. तेव्हा मामींनाही नमस्कार. (मामी, कंसातला मजकूर खास तुमच्यासाठी आहे. मामांना तो माहीत आहे, किंवा माहीत असायला हवा.) गुडघे कसे आहेत? झोप लागते का? शेजारच्यांनी तुमच्या भिंतीला खेटून पाण्याची टाकी बसवली, त्यात त्यांचा काय डाव आहे याचा छडा लागला का? माझा संशय तुम्हाला माहीत आहे.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. फोन तुम्ही केलात तर तुम्ही बोलता, मी केला तर मामी उचलतात. आणि मामींच्या कानात पडलेली गोष्ट मी फोन खाली ठेवायच्या आत आईकडे पोचलेली असते. (मामी, राग नसावा. हे मी कौतुकाने म्हणतो आहे.) ऑफिसातून करावा तर फोन सेकंदकाट्याच्या, म्हणजे आमच्या वक्तशीर बाईंच्या, टेबलावर आहे. घरून करावा तर बायको भाजी निवडता निवडता इतकी गप्प बसते की तिला सगळं ऐकू जातंय हे माझ्या कानांना कळतं. राहता राहिलं पत्र. पाकीट फोडण्याआधी तुम्ही ते सवयीप्रमाणे हुंगलं असणारच. गोंद, शाई, आणि किंचित पितळ. पितळ कुठून आलं ते पुढे कळेल, घाई नको.

तर इकडे सगळं क्षेम आहे. तुमची खुर्ची जागेवर आहे. तिचा डावा हात तुम्ही सव्वीस वर्षं ज्या ठिकाणी खाजवलात तिथला रंग गेलेला आहे तो तसाच आहे. पण ती खुर्ची किती दिवस माझ्याखाली राहील, याची शंका आहे. साहेबांनी दीड महिन्यापूर्वी जाहीर केलं की प्रयोगशाळेत तीन नाकं जास्त होतात, दोन पुरतील. तिसऱ्याला गोदामात पाठवणार, तिथे नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला. कुठलं नाक जाणार ते साहेब पुढच्या बुधवारी दौऱ्यावरून परतले की सांगणार आहेत. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते, असं माझं मत.

(मामी, नाकं म्हणजे काय ते सांगतो. समजा एक बिस्किट आहे. त्याचा वास म्हणजे एक वास नव्हे, शे-दोनशे वासांचं एकत्र कुटुंब आहे, आणि ते एका घरात असेपर्यंत कोण कुठला हे बाहेरच्याला कळत नाही. आमचं यंत्र त्यांना वेगळं करतं. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणतात, आम्ही जीसी म्हणतो. बिस्किटाच्या अर्काचा थेंब, थेंब कसला, थेंबाचा नातू, सुईने यंत्राच्या गरम तोंडात टोचायचा. त्याची वाफ होते. ती केसाएवढ्या बारीक आणि तीस मीटर लांब नळीतून हेलियम वायूच्या रेट्याने निघते. नळीचं भेंडोळं भट्टीत टांगलेलं असतं. हलके वास पळत सुटतात, जड वास मागे रेंगाळतात, आणि अर्ध्या तासात एकेक जण आपापल्या वेळी शेवटच्या टोकाला पोचतो. त्या टोकाला एक तिठा आहे. अर्धी वाफ मोजणाऱ्या यंत्राकडे जाते, ते पडद्यावर टेकड्या काढतं. उरलेली अर्धी जाते एका काचेच्या नरसाळ्यात, आणि त्या नरसाळ्यात नाक घालून तुमचा भाचा बसलेला असतो. वास आला की बटण दाबायचं आणि काय आलं ते बोलायचं. लोणी. कापलेलं गवत. उकडलेला बटाटा. एवढंच काम. मामांनी सव्वीस वर्षं हेच केलं. तुम्हाला ते काय सांगत होते, मला माहीत नाही.)

यंत्र असताना माणसाचं नाक कशाला, हा प्रश्न साहेबांना पडतो तसा मामींनाही पडेल. तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंत, मामा, की कधी पडद्यावर डोंगर उभा राहतो आणि नाकाला काही नाही, आणि कधी पडद्यावर सपाट मैदान असतं आणि नाकात असा भपकारा येतो की माणूस खुर्चीसकट मागे सरकतो. त्या मैदानासाठी आपल्याला ठेवलंय, असं तुम्ही म्हणाला होतात. हे वाक्य मी गेले पाच आठवडे रोज आठवतो आहे. आठवून बरं वाटत नाही.

कारण पाच आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सकाळी मी नरसाळ्यात नाक घातलं आणि मला काही आलं नाही. ओलसर हवा आली. (नाक कोरडं पडू नये म्हणून नरसाळ्यात वेगळ्या नळीने ओलसर हवा सोडतात, मामी. ती सदैव येत असते, सासरच्या माणसांसारखी.) बाकी शून्य. त्याच्या पंधरा दिवस आधी मला सर्दी झाली होती, ती गेली होती. मला वाटलं, जाताना सामान घेऊन गेली. दोन नाकं ठेवायची असं जाहीर झालेलं, आणि नेमकं माझं बंद. आता मला सांगा, अशा वेळी कुठला शहाणा माणूस हात वर करून म्हणेल की मला वास येत नाही?

मी घड्याळाकडे बघितलं. पडदा आम्हाला दिसू नये म्हणून मधे फळी आहे, पण मनगटावरचं घड्याळ अजून कुणी काढून घेतलेलं नाही. आणि तुमच्या वहीची पहिली चार पानं आम्हा तिघांनाही तोंडपाठ आहेत. साहेबांनी ती टाइप करून, चौकटीत घालून भिंतीवर लावली आहेत, वर 'मामांची यादी' असं लिहून. (ऑफिसात सगळेच तुम्हाला मामा म्हणतात आणि मला भाचेबुवा. कौतुकाने म्हणतात की नाही, ठरवता आलेलं नाही.) सात मिनिटं चाळीस सेकंदांनी लोणी. नऊ-दहाला गवत. तेरा-वीसला उकडलेला बटाटा. सतरा-पाचला भाजलेलं पीठ. मी घड्याळ बघून बटण दाबत गेलो आणि बोलत गेलो. मधे एकदा खरं वाटावं म्हणून "जरा जास्तच" असंही म्हणालो.

माझ्यानंतर त्याच नमुन्यावर बाकीची दोन नाकं बसतात. पहिलं म्हणजे सेकंदकाटा. बाई वक्तशीर आहेत, डबा उघडण्याचीसुद्धा त्यांची वेळ ठरलेली, आणि तुम्ही निवृत्त होताना भाषण केलंत तेव्हा ते किती मिनिटं चाललं ते त्या अजून सांगतात. दुसरा कवी. दाढीवाला, चाळिशीचा, त्याला साधा वास येतच नाही. आपल्याला गवत येतं तिथे त्याला 'सुट्टीत बंद पडलेल्या शाळेचं मैदान' येतं. मी फळीआडून कान लावून बसलो. दोघांनाही सगळं आलं. लोणी आलं, गवत आलं, बटाटाही आला. म्हणजे यंत्र बरोबर, दोघांची नाकं बरोबर, गोदामात जाणार ते मीच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. सांगितलं म्हणजे तिने काढून घेतलं. ती म्हणाली, डोळे बांधा. मग तिने दहा चमचे एकामागून एक माझ्या नाकाखाली धरले. कॉफी, साबण, कांदा, लिंबू, बुटाचं पॉलिश आणि असंच घरगुती काहीबाही. मी पहिले नऊ ओळखले. तिने टाळी वाजवली. पण मामा, मी असा सहज फसणारा नाही. कॉफीचा चमचा कोमट होता, म्हणजे ते त्वचेने ओळखलं. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे ते डोळ्यांनी सांगितलं. साबणाच्या वेळी तिचे हात ओले होते, तीन थेंब माझ्या शर्टवर पडले. पॉलिशच्या वेळी ती स्वतःच "शी" म्हणाली. नाकाचा त्यात काय हात? मी हे सगळं तिला पद्धतशीर समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि दहावा चमचा?"

"दहावा लोणी," मी म्हणालो.

"दहावा रिकामा होता," ती म्हणाली. "नाक बरं आहे तुमचं. तोंडाचं काय ते बघा."

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिला ते कळलं की नाही, याची शंका आहे.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. संशय असा की साहेब मधेच एखादा कोरा नमुना घुसडणार. (नुसता द्रावक, मामी, आत काही नाही. कोण खोटं बोलतंय ते पकडायची ही जुनी युक्ती आहे.) तुमच्या वेळी तुम्हीच हा सापळा दुसऱ्यांसाठी लावायचात. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या वेळी मी आधी बाटलीच्या बुडाशी बघायचो, मग चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं ते बघायचो, मग साहेबांच्या चेहऱ्याकडे. साहेबांचा चेहरा कोऱ्या नमुन्यासारखाच आहे, त्यातून काही कळत नाही. एके दिवशी कवी नरसाळ्यातून नाक काढून म्हणाला, "आज काही वासच नाही बुवा." सेकंदकाट्याचं पेन थांबलं. मी बाटलीचं बूड बघितलं. कवीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "गंमत केली." मग आम्ही तिघंही हसलो. जरुरीपेक्षा जास्त वेळ हसलो, आणि थांबायचं कसं ते कुणालाच कळेना.

त्याच आठवड्यात चहाच्या खोलीतलं दूध करपलं. मी, सेकंदकाटा आणि कवी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला करपल्याचा वास आला. स्पष्ट आला. पण शेजारी दोन पट्टीची नाकं बसलेली, आणि दोघंही शांत! मी मनात म्हटलं, झालं, आता नसलेले वासही यायला लागले. हे तर आणखी वाईट. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. सेकंदकाट्याने घड्याळ बघितलं. कवी छताकडे बघत होता. दाराखालून धूर बाहेर यायला लागला तरी आम्ही तिघं तिथेच. शेवटी हिशेबनीस धावत आला, पातेलं उचलून खिडकीबाहेर धरलं आणि ओरडला, "अहो, तुम्ही तिघं इथे असताना?" आम्ही तिघांनीही एकदम म्हटलं, "लक्षात आलं होतं." पातेलं टाकून द्यावं लागलं.

आणि आता ती गोष्ट सांगतो जी तुम्ही ऐकून खूश व्हाल, आणि मग होणार नाही. तीन आठवडे झाल्यावर साहेबांनी आम्हा तिघांच्या नोंदी एकत्र करून टक्केवारी काढली. एरवी आमचं एकमत साठाच्या वर जात नाही. तुम्हाला आठवत असेल, एका टोमॅटो सॉसवरून तुम्ही आणि सेकंदकाटा आठ महिने बोलत नव्हतात. या वेळी एकमत झालं शहाण्णव टक्के! साहेबांनी तो आलेख रंगीत छापून सूचनाफलकावर लावला. वरच्या ऑफिसला पाठवला. आम्हा तिघांना बोलावून म्हणाले, "मामांच्या काळातसुद्धा असं झालं नव्हतं." मला तुमच्या वतीने थोडं लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते असं की वास येत होते तेव्हा आम्ही भांडत होतो, आणि माझा वास गेला आणि मी सगळ्यांशी सहमत झालो. उरलेल्या चार टक्क्यांतही कवीचं शाळेचं मैदान होतं.

हे सगळं चाललं होतं बिस्किटांवर. एका बिस्किट कारखान्याने एकेचाळीस नमुने पाठवले होते, कारण गिऱ्हाइकं तक्रार करत होती की बिस्किटाला कपाटाचा वास येतो. पडद्यावरच्या टेकड्या स्वच्छ, काही वावगं नाही. म्हणून नाकांकडे आले. आणि आम्ही शहाण्णव टक्के एकमताने सांगितलं, लोणी, भाजलेलं पीठ, किंचित व्हॅनिला. कपाटबिपाट काही नाही, गिऱ्हाइकांच्या घरातच कपाटं असतील. कारखान्याची माणसं बघायला आली तेव्हा साहेबांनी कोट काढला, तुमच्या खुर्चीवर बसले, स्वतः नरसाळ्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! काय लोणी आहे!" पाहुण्यांनीही एकेक करून नाक घातलं. त्यांनाही आलं. एकाला तर गहिवरून आलं.

त्याच सुमारास घरी बायको चहाबरोबर तीच बिस्किटं खाताना म्हणाली, "यांना कपाटाचा वास येतो." मी तिला शांतपणे सांगितलं की या विषयावर अमुक इतके आठवडे शास्त्रीय काम झालेलं आहे, तीन तज्ज्ञांचं एकमत आहे, आणि तो वास तिच्या मनात आहे. तिने पुडा माझ्याकडे सरकवला. मी हुंगला. मलाही आला. पण मी आता स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडलेलं होतं, म्हणून तो कपाटाचा वास नसून बायकोच्या बोलण्याचा परिणाम आहे, असं मी ठरवलं.

या सोमवारी यंत्राच्या वार्षिक देखभालीसाठी मेकॅनिक आला. कमी बोलणारा माणूस. साहेब दौऱ्यावर. मेकॅनिकने आधी जुने कागद चाळले आणि विचारलं, "पाच आठवड्यांपासून टेकड्या दुप्पट उंच झाल्यात. कुणाला दिसलं नाही?" मी म्हटलं, नवी नळी बसवली, चांगल्या कंपनीची आहे. तो "हं" म्हणाला. मग त्याने भट्टीचं दार उघडून आत बॅटरी मारली, दोन बोटं घातली, काहीतरी फिरवलं आणि बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पितळेचं बूच. शेंगदाण्याएवढं.

"हे तुमचं का?" तो म्हणाला. "नाकाकडची वाट बंद होती. सगळा माल एकाच बाजूला जात होता. नरसाळ्यात पाच आठवडे नुसती दमट हवा येतेय."

मामा, ते बूच माझं होतं. नवी नळी त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मीच बसवली. वायू कुठून गळतो का ते बघायला तिठ्याची नाकाकडची वाट बूच लावून तात्पुरती बंद करायची, मग बूच काढून नळी जोडायची, ही रीत तुमचीच. मी बूच लावलं, गळती तपासली, आणि तेवढ्यात तुमचा फोन आला. आठवतंय ना? खुर्चीची उशी बदलली का, ते विचारायला. आणि मग वीस मिनिटं तुम्ही मला सांगत होतात की आमच्या वेळी आम्ही प्रत्येक नट दोनदा तपासायचो, आता ती निष्ठा राहिलेली नाही. मी हो हो म्हणत, फोन खांद्याला धरून, भट्टीचं दार लावलं. मी दोष देत नाही. फक्त घटनाक्रम सांगतो आहे.

मेकॅनिक हात धुवायला गेला. आम्ही तिघं त्या बुचाकडे बघत उभे. माझं नाक ठणठणीत होतं याचा आनंद मला साधारण चार सेकंद झाला (सेकंदकाटा नक्की सांगेल). मग मी मान वर केली, आणि दोघांच्या चेहऱ्यावर मला माझेच पाच आठवडे दिसले.

"मला पहिल्या दिवसापासून संशय होता," सेकंदकाटा म्हणाली.

"मग बोलला नाहीत ते?" कवी म्हणाला.

"तुम्हाला शाळेचं मैदान येत होतं ना! मला वाटलं, माझंच वय झालं."

"मला कुठे येत होतं? तुम्ही सेकंदावर बटण दाबायचात, म्हणून मी म्हणायचो. आणि हे भाचेबुवा! हे तर 'जरा जास्तच' म्हणाले होते!"

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. एकमत तिथेही शहाण्णव टक्के होतं.

नळी जोडली. काल आणि आज सकाळी बिस्किटाचे नमुने पुन्हा चालवतो आहोत. एकविसाव्या मिनिटाला, जिथे पडद्यावर सपाट मैदान आहे, तिथे ओला पुठ्ठा येतो. असा येतो की मी खुर्चीसकट मागे सरकलो. सेकंदकाटाही सरकली. कवी नुसता "पुठ्ठा" म्हणाला. त्याच्या तोंडून एका शब्दाचा वास मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. तुपाचं बिनसलंय किंवा खोकी ओली आहेत, ते पुढे कळेल. पण गिऱ्हाइकांची कपाटं निर्दोष आहेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिच्याकडे बघण्याची मी वेगवेगळ्या कोनांतून तयारी करतो आहे.

आता अडचण लक्षात घ्या. आमचा जुना अहवाल साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. बुधवारी ते येणार, सही करणार, आणि कारखाना ओला पुठ्ठा गावभर विकणार. मी त्यावर 'फेरतपासणी चालू' अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे, पण बुधवारी ते विचारणारच, का? 'का'चं उत्तर म्हणजे ते बूच, आणि नळी बदलल्याच्या नोंदीखाली सही माझी आहे. म्हणजे गोदाम. बरं, मी गोदामात जातोही म्हणा, पण साहेबांना हेही सांगावं लागेल की त्यांनी पाहुण्यांसमोर डोळे मिटून जे लोणी हुंगलं ती दमट हवा होती. अशा माणसाला दोनांतली एक जागा कोण देतं? सेकंदकाटा आणि कवी म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही तुमच्या मागे आहोत. किती मागे, ते बोलले नाहीत.

असो. तुम्हाला या वयात असल्या गोष्टींचा त्रास द्यायचा नव्हता. सहज, खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. डोळ्याला पाणी लागू देऊ नका, टाकीवर नजर ठेवा, मामींच्या सांधेदुखीला जपा.

तुमच्या खुर्चीचा तूर्तास राखणदार,
भाचा

ता. क. – पाकिटाच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळून ते बूच ठेवलं आहे. पितळेचा वास त्याचाच. मामींच्या शिवणाच्या डब्यात बटणांत टाकून द्या, तिथे कुणी शोधणार नाही. (मामी, हे बटण नाही. शर्टाला लावू नका.)

दुसरा ता. क. – मामींनी इथे थांबावं आणि चष्मा आला असेल तर पत्र मामांच्या हातात द्यावं. आला नसेल तर येईपर्यंत थांबावं. (मामी, मला माहीत आहे तुम्ही थांबलेला नाही.)

मामा, साहेबांना काय सांगावं ते सुचेना म्हणून आज दुपारी मी तुमची मूळ वही काढली. पहिल्या चार पानांच्या पुढे ती आजवर कुणीच वाचलेली नाही, मीही नाही. पुढे तुमच्या रोजच्या नोंदी आहेत. तुमच्या नोकरीच्या नवव्या वर्षी सलग एकोणीस दिवस प्रत्येक नमुन्यात, मग ते चॉकलेट असो, सॉस असो, सात-चाळीसला लोणी, नऊ-दहाला गवत, तेरा-वीसला बटाटा, सगळं एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात. त्यात तीन दिवस सुक्या मासळीच्या भुकटीचे आहेत. तिच्यातही लोणीच. विसाव्या दिवशी समासात बारीक पेन्सिलीने लिहिलंय, 'नळी जोडली'. आणि त्याखाली त्याच मासळीची नोंद, 'मासे. मासे. फार मासे.'

पेन्सिलीने लिहिलंत म्हणजे खोडायचा विचार होता. खोडलं नाहीत, म्हणजे काहीतरी विचार होता. तो काय, ते मी विचारत नाही. माझं मागणं एवढंच आहे की विसाव्या दिवशी तेव्हाच्या साहेबांना तुम्ही काय सांगितलंत, ते एक शब्द न बदलता उलट टपाली कळवा, बुधवारच्या आत. तेच मी सांगेन.

आणि काहीच सांगितलं नसेल, तर पाकिटात एक कोरा कागद घालून पाठवा, आणि त्याच्याबरोबर बूचही परत पाठवा. दोन्ही घेऊन मी साहेबांच्या खोलीत जाईन. त्या कागदाला मात्र मी लोणी म्हणणार नाही.